एकेका जिवाणूची चौकशी

मॅडमना 'तुमचा वर्ग कसा आहे?' असं विचारायची सोय नव्हती. त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या, विचारणाऱ्याकडे जरा दयेनं बघायच्या आणि म्हणायच्या, "वर्ग कोठी असते बाप्पा? पोट्टे असते. कोणत्या पोट्ट्याचं इचारून राह्यले तुम्ही?"

एकदा प्राचार्यांनी भर बैठकीत प्रत्येक विभागाला निकालाची सरासरी सांगायला लावली. भौतिकशास्त्राची पाळी आली तशा मॅडम उभ्या राहिल्या आणि एकेका मुलाचं नाव घेऊन सांगत सुटल्या. कोणाला गणित येतं पण प्रयोगाला हात थरथरतो, कोण घरची म्हैस पिळून येतो म्हणून पहिल्या तासाला पेंगतो, कोणाला काहीच येत नाही पण शंका मात्र फार चांगल्या येतात. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. शेवटी प्राचार्यच हात जोडून म्हणाले, "बसा मॅडम, समजलं." मॅडम म्हणाल्या, "अजून सगळे झाले नाही ना सर," आणि उभ्याच राहिल्या.

दारव्ह्याच्या त्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला गेले ती तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवाल तेवढे तास तुमचे, बाकी तुम्ही कोणी नाही. घाटंजीहून यायचं, शिकवायचं, परत जायचं. पुण्यात एका औषध कंपनीत माझी मैत्रीण होती, ती सारखी बोलवायची. मीही मनातल्या मनात दर रविवारी बॅग भरत होते. अशात एके दिवशी माझ्या प्रयोगशाळेच्या दारात साडीखाली कॅनव्हासचे बूट घातलेल्या, खांद्याच्या पिशवीतून सायकलचा पंप बाहेर आलेला, अशा एक बाई येऊन उभ्या राहिल्या.

"तूच जिवाणू वाढवतं ना?"

"हो."

"किती आहे तुह्याजवळ?"

मी थोड्या अभिमानानं नळी वर धरली. म्हटलं, "यात करोडो असतील मॅडम."

"करोडचं नको सांगू. एक देतं काय?"

"एक?"

"एक. एकटा. मले त्याची चौकशी करायची आहे."

मला वाटलं, बाई थट्टा करताहेत. त्या थट्टा करत नव्हत्या. मी त्यांना ओळखत होते तेवढ्या वर्षांत त्यांनी थट्टा अशी केलीच नाही. लोकच त्यांच्या खऱ्या बोलण्याला हसायचे.

मॅडम आर्णीकडच्या एका बंजारा तांड्यातल्या. घरात गोरबोली, बाहेर वऱ्हाडी, आणि वर्गात दोन्हीचं मिळून काहीतरी. वर्गात फळ्यावरचं एखादं समीकरण सुटलं की "याडी!" म्हणून आईच्या नावानं ओरडायच्या. मुलांना ते पाठ झालं होतं. मुलंही उत्तर आलं की 'याडी!' म्हणायची, मग ती पुसदची असोत की दिग्रसची.

ज्यावर ही चौकशी व्हायची ते त्यांचं यंत्र कॉलेजात कसं आलं ती गोष्ट दारव्ह्यात अजून सांगतात. नागपूरच्या एका मोठ्या संस्थेनं जुनं झालं म्हणून ते भंगारात काढलं होतं. मॅडमना कुठून तरी कळलं. वर्षभर अर्ज करकरून त्यांनी ते कॉलेजसाठी मागून घेतलं. आता ते आणायचं कसं? आत आरसे, भिंगं, सगळं केसाच्या अंतरानं बसवलेलं. मॅडमनी भावाला निरोप धाडला. भावानं घरात साठवलेला वेचणीचा कापूस टेम्पोत भरून दिला. त्या पांढऱ्या ढिगात यंत्र निजवलं, वरून पुन्हा कापूस टाकला आणि मॅडम स्वतः मागे त्या कापसात बसल्या. नागपूर ते दारव्हा ड्रायव्हरला त्यांनी बैलगाडीच्या चालीनं चालवायला लावलं. खड्डा आला की मागून केबिनच्या काचेवर थाप पडायची. टेम्पो कॉलेजात आला तेव्हा मॅडमच्या केसांत, भुवयांत, पदरात सगळीकडे कापूस. शिपाई धावत आला आणि विचारता झाला, "मॅडम, पेशंट कोण आहे?"

तो कापूस परत तांड्यावर गेला. मॅडमची भावजय, कमलाबाई, त्याच्या गाद्या भरताना म्हणाली म्हणे, "माह्या नणंदेचं यंत्र माह्या गादीवर झोपून आलं, मले कापसाचं भाडं पायजे." कमलाबाईचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते असं.

त्या यंत्राला तीन गोष्टींचं वावडं होतं: उजेड, हादरा आणि तपन, म्हणजे उन्हाची काहिली. आमच्या भागात तिन्ही भरपूर. मॅडमनी खेळाचं सामान ठेवायची खोली मागून घेतली. मुलांना सांगितलं, घरातल्या मोडक्या छत्र्या आणा. काड्या काढून टाकल्या, काळं कापड उसवून जोडलं, त्याचे पडदे शिवून खिडक्या बुजवल्या. हादऱ्यासाठी ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब आणली, तिच्यावर नाल्याच्या वाळूनं भरलेली पेटी, पेटीवर फरशी, फरशीवर यंत्र. बाहेरून ट्रक गेला तर हादरा ट्यूबमध्येच जिरायचा. ट्यूबमधली हवा मात्र रोज बघावी लागे. विद्यापीठाची समिती आली तेव्हा प्राचार्य मोठ्या उत्साहानं ती खोली दाखवायला घेऊन गेले, तर विभागप्रमुख जमिनीवर मांडी घालून सायकलच्या पंपानं हवा भरत बसलेल्या. "दोन मिनटं थांबा," त्या समितीला म्हणाल्या, "एका बाजूनं बसली आहे."

तपनीवर मात्र इलाज नव्हता. कूलर लावला की यंत्र हलायचं. म्हणून काम सकाळी, उन्हं चढायच्या आत. मी पहिल्या बसनं घाटंजीहून निघायचे आणि पोचायचे तेव्हा मॅडमची मोपेड आधीच आवारात उभी असायची.

ते यंत्र काय करतं हे मला त्यांनी पहिल्याच सकाळी सांगितलं. सूक्ष्मदर्शकाखाली एक जिवाणू धरायचा. त्याच्यावर हिरव्या लेसरचा बारीकसा किरण सोडायचा.

"आपण उजेड पाठवला," मॅडम म्हणाल्या, "तं जवळजवळ सगळा जसाच्या तसा वापस येते. करोडातला एखादा मात्र आतमंदी कोणाले तरी भेटून येते. आत सारं थरथरत असते, माय. चरबी आपल्या तालावर थरथरते, प्रथिनं आपल्या तालावर. ज्याले भेटला त्याच्या थरथरीनं त्या उजेडाचा रंग जरासा बदलते. आपण फक्त वापस आलेल्याले इचाराचं, बाबू, तुहा रंग काहून बदलला? कोण भेटलं?"

आणि मग पडद्यावर हळूहळू एक रेघ उमटायची. उंचवटे, खळगे. प्रत्येक उंचवटा म्हणजे त्या एका जिवाणूच्या पोटातला एकेक पदार्थ. मी इतकी वर्षं जिवाणू वाढवले, रंगवले, मोजले. पण एका जिवाणूला न मारता, न रंगवता, त्याच्या पोटात काय आहे हे विचारता येतं, हे मला माहीत नव्हतं.

काचेच्या पट्टीवर जिवाणू ठेवला तर काच स्वतःच एवढी चमकायची की त्याचा इवलासा उजेड तिच्यात बुडून जायचा. त्यासाठीच्या खास पट्ट्या परदेशातून येतात. मॅडम गेल्या भांड्यांच्या दुकानात. लेसरचा छोटा दिवा काढून एकेका स्टीलच्या ताटलीवर टाकायच्या आणि समोरच्या भिंतीवर ठिपका कसा पडतो ते बघायच्या. ठिपका फाटला की ताटली नापास. गिऱ्हाईक जमलं. एका म्हाताऱ्या बाईनं घाबरून विचारलं, "भांड्यात काही आहे काय वो?" मॅडम म्हणाल्या, "नाही. तेच पाहून राह्यली, काही नसलेलं कोणतं आहे." शेवटी एक झाकणी पसंत पडली. पत्रेवाल्याकडून तिच्या पट्ट्या कापून घेतल्या आणि मुलांनी त्या आरशासारख्या घासून काढल्या. आमचे जिवाणू स्टीलच्या झाकणीवर निजायला लागले.

पहिला खरा जिवाणू मी दिला तो पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानावरचा. पान वाढीच्या जेलीवर हलकं दाबलं की काही दिवसांनी गुलाबी ठिपके उगवतात. त्या पानावर राहणारे गुलाबी जिवाणू असतात. त्यातलाच एक झाकणीवर ठेवला. हिरवा किरण पडला आणि पडद्यावरची रेघ अशी उसळली की मी ओरडलेच. तो गुलाबी रंगच बोलत होता. मॅडमनी मात्र शेजारचा जिवाणू घेतला. मग त्याच्या शेजारचा. उन्हं चढली, घाम डोळ्यांत उतरायला लागला, माझा तास बुडाला. शेवटी त्यांनी लेसर बंद केला आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "पाह्यलं? एकाच ठिपक्यातले, एकाच मायचे. अन् दोन काही सारखे नाही."

त्या दिवशी खोलीला कुलूप लावताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. सहज, किल्ली शोधता शोधता. त्या लहान असताना तांड्यावर कोणी साहेब आले होते. झाडाखाली बसून त्यांनी सगळ्यांना विचारलं आणि कागदावर लिहून घेतलं, या तांड्यातल्या पोरी शिकत नाहीत. मॅडम तेव्हा त्याच झाडाच्या मागे पाटीवर बेरीज करत बसल्या होत्या.

"सरासरीनं पाह्यलं तं मी अडाणीच निंगतो," त्या म्हणाल्या. "थो साहेब खोटा नव्हता. त्यानं फक्त झाडामांगं पाह्यलं नाही."

पुण्याचं तिकीट मी त्या महिन्यात काढणार होते. काढलं नाही. काढलं नाही असं ठरवलंही नाही. पहिल्या बसची सवय लागली एवढंच.

आता कमलाबाईंची गोष्ट.

तांड्यावर बायकांचा एक गट होता आणि कमलाबाई त्याच्या प्रमुख. सोयाबीन, तूर यांच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू असतात. ते हवेतलं नत्र पिकाला देतात, म्हणजे खताचं काम घरबसल्या होतं. पेरणीआधी त्यांचं पाणी बियाण्याला चोळतात. कमलाबाईंचा गट प्रशिक्षण घेऊन ते पाणी तयार करायचा, बाटल्यांत भरायचा आणि आसपासच्या गावांतल्या कृषी केंद्रांत ठेवायचा. पहिल्यांदाच तांड्यातल्या बायका मोटारसायकलवर मागे बसून नाही, तर बाटल्यांचे खोके घेऊन स्वतः बसनं आर्णीला जायला लागल्या होत्या.

त्या खरिपात सोयाबीन उगवलं, पण पिवळं पडलं. लोकांनी रोपं उपटून पाहिली तर मुळं मोकळी. गाठी नाहीतच. बोलणं सुरू झालं: बायकांनी पाणी विकलं. साधं पाणी. तांड्याच्या नायकानं देवळासमोर बैठक लावायचं ठरवलं. सगळ्यांना माहीत होतं की त्या बैठकीत गट बंद होणार.

बैठकीच्या आधी मॅडमचा भाऊ मोटारसायकलवर बाटल्या बांधून कॉलेजात आला. मी तिथेच होते. उंच, शांत माणूस. हेल्मेट काढून हातात धरून उभा राहिला.

"बाई," तो बहिणीला म्हणाला, "तू फक्त येऊन सांगजो, माल चांगला आहे म्हून. तुह्या शब्दाले मान आहे तांड्यात."

"पाह्यल्याबिगर कसं सांगू भाऊ?"

"मंग पाह्य."

"अन् वाईट निंगलं तं?"

भाऊ मोटारसायकलवरच्या बाटल्या सोडायला लागला. मॅडमच म्हणाल्या, "वाईट निंगलं तं वाईट सांगीन. वहिनीले आंदीच सांगून ठेव."

काही बाटल्या दुकानांतून परत आलेल्या होत्या, काही कमलाबाईंच्या घरातल्या. मी प्रत्येकीतला थेंब घेऊन वाढीच्या जेलीवर पसरला. हे जिवाणू सावकाश वाढतात, मी थांबले. बशा कोऱ्याच्या कोऱ्या. आणखी थांबले. कोऱ्याच. मी जड मनानं मॅडमना सांगितलं, "मेलेत. सगळ्या बाटल्यांतले."

मॅडमनी एक बशी उजेडाकडे धरली. "तुह्या बशीत जेवाले नाही आले," त्या म्हणाल्या. "म्हून मेले असं कसं म्हणतं? कोणी झोपलं असन. कोणी रुसलं असन. आपण प्रत्येकाच्या घरी जाऊन पाहू."

त्यासाठी त्यांनी नागपूरच्या एका जुन्या मित्राकडून जड पाण्याची छोटी कुपी मागवली. दिसायला साधंच पाणी, पण त्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा जड. जिवाणू जिवंत असेल तर ते पाणी पितो आणि त्यातला जड हायड्रोजन आपल्या चरबीत, प्रथिनांत घालतो. जड झालेल्या गोष्टी संथ थरथरतात. मग पडद्यावर अशा ठिकाणी छोटा उंचवटा उमटतो, जिथे एरवी सपाट मैदान असतं. मेलेला पीत नाही. त्याचं मैदान सपाटच राहतं.

मी जिवाणूंना थोड्या साखरेसोबत ते पाणी पाजलं, धुतलं आणि झाकणीवर वाळवलं. पहिल्यांदा दुकानातून आलेली बाटली. पहिला जिवाणू, सपाट. दुसरा, सपाट. आम्ही सकाळभर बसलो. मी नमुना सरकवायची, मॅडम किरण सोडायच्या, रेघ उमटायची, मैदान सपाट. दुसऱ्या दिवशी दुसरं दुकान. तेच. एकदा किरण जरा जास्त वेळ राहिला आणि जिवाणू जळून काळा ठिपका झाला, तेव्हा मॅडम त्या ठिपक्याला "माफ कर बाबू" म्हणाल्या. तिसऱ्या सकाळी त्यांनी हवा भरता भरता पंप खाली ठेवला. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, खोलीत अंधार होता. त्या म्हणाल्या, "वहिनीनं मले चौथीत असताना आपल्या लग्नातलं लुगडं फाडून दप्तर शिवून देल्लं होतं." आणि उठल्या. "आन, घरातली बाटली आन."

घरातल्या बाटलीचे पहिले काही जिवाणूही तसेच. मग एकाची रेघ उमटायला लागली आणि मॅडमनी माझं मनगट धरलं. सपाट मैदानात एक टेकाड होतं. बुटकं, रुंद, पण टेकाड. त्यांनी तोच जिवाणू पुन्हा तपासला. टेकाड तिथेच. पुढचा सपाट. त्याच्या पुढचा, टेकाड. आणि ज्यांच्यात टेकाड होतं, त्यांच्या पोटात चरबीचा साठाही दिसत होता. उपासमारीच्या दिवसांसाठी आत काहीतरी बांधून ठेवून ते निजले होते. माझ्या बशीवर उगवण्याइतकं त्राण त्यांच्यात नव्हतं, पण पाण्याचा घोट घ्यायला ते जागे झाले होते.

"याडी!" मॅडम हळूच म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. जणू जिवाणू दचकतील.

भावाला फोन करून विचारलं तेव्हा उलगडा झाला. दुकानांतल्या बाटल्या उन्हाळाभर पत्र्याखाली, काचेच्या कपाटात तापत पडल्या होत्या. कमलाबाईंच्या घरातल्या बाटल्या पाण्याच्या रांजणाशेजारी, ओल्या वाळूत होत्या.

बैठकीला मी मॅडमच्या मोपेडवर मागे बसून गेले. देवळासमोर लोक जमलेले. नायक मधे, बायका एका बाजूला, आणि त्यांच्या पुढे कमलाबाई. पदर डोक्यावर, हातात दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्यांची बलोयं, चेहरा दगडासारखा. सगळे गोरबोलीत बोलत होते. मला समजलं तेवढं मॅडमच्या भावानं कानाशी वऱ्हाडीत सांगितलं म्हणून.

मॅडम उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं, आधी चांगलं सांगतील. त्यांनी पहिलं वाक्य टाकलं, "दुकानातल्या बाटल्यायमंदी सारे मेलेले आहे."

लोकांत कुजबूज उठली. नायक म्हणाला, "म्हंजे पाणीच इकलं."

"पाणी नाही. भरले तव्हा जिवंत होते, त्यायचे मुडदे मी आपल्या डोयानं पाह्यले. तपनीनं मेले. बाटली तपनीत ठेवाची नाही हे गटानं दुकानदारायले सांगाले पायजे होतं. ते सांगतलं नाही. थी चूक गटाची आहे." मग त्या थांबल्या. "अन् घरी ठेवलेल्या बाटल्यायमंदी झोपलेले आहे. थोडे आहे, पण जिवंत आहे. त्यायले उठवता येते."

कमलाबाई उठल्या आणि घराकडे चालत्या झाल्या. एकदाही मागे न बघता. आम्ही मोपेडवरून परत निघालो. मी म्हटलं, "मॅडम, जरा वेगळ्या शब्दांत सांगता आलं असतं." त्या म्हणाल्या, "शब्द वेगळे केले असते तं अर्थही वेगळा झाला असता."

पुढचं काम माझ्या हातातलं होतं. निजलेल्यांना मी गुळाच्या फिक्या पाण्यात, कोमट जागी, हळूहळू उठवायला बसले. एकदम भरपूर खाऊ घातलं तर ते उठत नाहीत, हे दोन नळ्या वाया गेल्यावर कळलं. मॅडम रोज येऊन एखाददुसरा तपासायच्या: टेकाड वाढतंय का, चरबी खर्ची पडतेय का. आणि एका सकाळी माझ्या बशीवर दवासारखे पांढरट थेंब उगवलेले दिसले. मी बशी घेऊन मैदानातून धावत भौतिकशास्त्र विभागात गेले. एका प्राध्यापिकेनं असं धावावं का, असं कोणीतरी म्हणालं. म्हणू दे.

सोयाबीनची वेळ गेली होती, पण तूर लांब पल्ल्याचं पीक. उठवलेल्या जिवाणूंचं पाणी तुरीच्या मुळाशी सोडून बघता येणार होतं. प्रश्न होता, कोणाच्या वावरात? बैठकीनंतर गटातल्या बाया तोंड लपवून होत्या. शेवटी ज्यानं बैठक लावली, त्या नायकानंच भावाच्या हाती निरोप पाठवला: "माह्या वावराच्या धुऱ्याजवळची तूर घ्या. पोरगी वाईट सांगाले भेली नाही, तं चांगलं सांगते तेही खरंच असन."

गटातल्या बायांनी सकाळी सकाळी तुरीच्या ओळीला पाणी सोडलं. शेजारची ओळ तशीच ठेवली. कमलाबाई आल्या होत्या, पण मॅडमपासून चार ओळी दूर, पाठ करून काम करत होत्या. मॅडमही हाक मारायला गेल्या नाहीत.

काही आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो. मॅडमनी पाणी न दिलेल्या ओळीतलं झाड उपटलं. मुळं जवळजवळ मोकळी. मग पाणी दिलेल्या ओळीतलं, अगदी हळू, भोवतालची माती हातानं उकरून. मुळांवर मण्यांसारख्या गाठी होत्या. नायक वाकला, बाया वाकल्या. गाठी दिसणं पुरेसं नव्हतं, त्या काम करताहेत की नाही हे आत बघावं लागतं. मॅडमनी एक गाठ तोडली, पण त्यांची नखं कापलेली. त्यांनी ती तशीच तळहातावर धरली.

कमलाबाई चार ओळी ओलांडून आल्या. त्यांनी नणंदेच्या तळहातावरची गाठ उचलली आणि नखानं मधोमध चिरली. आत लालसर गुलाबी होतं. जिवंत गाठीचा रंग.

"हे आपल्या बाटलीतले?" कमलाबाईंनी विचारलं. बैठकीच्या दिवसानंतर नणंदेशी बोललेलं पहिलं वाक्य.

"तुह्या रांजणाजवळचे," मॅडम म्हणाल्या.

कमलाबाईंनी ती चिरलेली गाठ पदराच्या टोकात बांधली आणि दुसरं झाड बघायला वाकल्या. बस, एवढंच. रडणं नाही, गळाभेट नाही. त्या घरातले लोक तसे नाहीत.

गट बंद झाला नाही. आता बाटल्या दुकानात जातात त्या ओल्या गोणपाटात, आणि दुकानदारानं कपाटात ठेवलेल्या दिसल्या तर कमलाबाई त्या उचलून परत आणतात. आमच्या कॉलेजातल्या मुली त्या खोलीत प्रकल्प करतात. मी अजून तिथेच आहे, आणि आता तिथली कोणीतरी आहे. मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात त्यांनी 'सर्व विद्यार्थ्यांचे' आभार मानायला नकार दिला आणि एकेकाचे मानले. जेवणं संध्याकाळी झाली.

परवा, यंदाच्या पेरणीच्या आधी, सकाळच्या पहिल्या बसनं मी पोचले तर खोलीच्या बाहेर कमलाबाई बसलेल्या. मांडीवर मडकं, मडक्यात ओली वाळू, वाळूत बाटली. गावात वाटायच्या आधी त्या ती घेऊन आल्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं. शेजारी मॅडम, निवृत्त झालेल्या, पण पायात तेच बूट.

मी जड पाणी पाजून नमुना तयार केला आणि झाकणीवर ठेवला. मॅडमनी खुर्ची ओढून वहिनीला पडद्यासमोर बसवलं. कमलाबाई म्हणाल्या, "मले काय समजते त्यातलं?"

"समजाचं काही नाही. सपाट आहे का टेकाड, एवढंच पाहाचं. टेकाड दिसलं म्हंजे त्यानं पाणी पेलं."

"अन् सपाट निंगलं तं?"

"तं बाटली वापस न्याची."

कमलाबाईंनी मडकं खाली ठेवलं. मग त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, जसा पाहुण्यांसमोर करतात, आणि म्हणाल्या, "दाखवा."

खोलीत जागा दोघींपुरतीच होती. मी बाहेर आले आणि उजेड आत जाऊ नये म्हणून दार ओढून घेतलं. आवारात मुलं यायला लागली होती. मी त्यांना हातानंच हळू बोलायला सांगितलं. मग आतून कमलाबाईंचा आवाज आला, लग्नघरात नवरी बघितल्यासारखा.

"अवो बाई, हे तं पेलं!"